वीज कोणाला ओळखते? प्लाझ्मा आणि विद्युत् भारित कणांची ओळख

आम्ही इतिहासाचे शिक्षक. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही इतिहासावरच लिहू, अशी सर्वांची अपेक्षा असणार. परंतु एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडून अनेक वर्षे राहून गेले आहे. ते देणे या निमित्ताने फेडावे, असे मनाने घेतले आणि भौतिकशास्त्राची पुस्तके उघडून बसलो.

जून महिन्यातील ती संध्याकाळ होती. पहिल्या पावसाचे ढग भरून आले होते, विजा कडाडत होत्या आणि दिवे गेलेले होते. वसतिगृहातील मुलींना सभागृहात एकत्र बसविले होते. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात, पावसाचे तुषार अंगावर घेत, आठवीतील एक मुलगी एकटीच बसलेली दिसली. आम्ही विचारले, "बाळ, आत का येत नाहीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मी पायाळू आहे. मी आत बसले तर सगळ्यांवर वीज पडेल."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्या गावोगावी आहे. आतल्या मुलींनी तिला हाकलले नव्हते. पण कोणी आत बोलावलेही नव्हते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यापासून दूर उभे केले गेले, त्यांच्याच नाती एका मुलीला जन्माच्या कारणावरून दूर बसू देत होत्या आणि ती मुलगीही ते मुकाट्याने मान्य करीत होती. आम्ही तिला आत आणून आमच्या शेजारी बसविले आणि म्हणालो, "असे काही नसते." त्यावर तिने विचारले, "मग वीज कशी पडते, सर?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. 'असे काही नसते' एवढे सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे, हे त्या रात्री आम्हाला उमगले. पुढे विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारून, वाचून जे समजले ते येथे मांडत आहोत.

पदार्थाची चौथी अवस्था

स्थायू, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण प्राथमिक शाळेत शिकतो. बर्फाला उष्णता दिली की पाणी होते, पाण्याला दिली की वाफ होते. प्रश्न असा, की वाफेला उष्णता देतच राहिलो तर काय होईल? प्रथम रेणू तुटून अणू सुटे होतील. आणखी तापविले तर अणू एकमेकांवर इतक्या जोराने आदळतील, की त्यांच्यातील इलेक्ट्रॉन निसटू लागतील. अणूच्या केंद्रात धन भार असतो, भोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर ऋण भार असतो आणि दोन्ही समान असल्याने अख्खा अणू उदासीन असतो. इलेक्ट्रॉन निसटला की मागे उरलेला अणू धन भारित होतो. त्याला आयन म्हणतात, आणि या क्रियेला आयनीभवन.

असे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन यांनी भरलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली त्याला हे नाव दिले. मराठीत त्यासाठी 'आयनद्रायू' हा शब्द घडविला गेला आहे. प्लाझ्मा ऐकायला दूरचा वाटतो, पण तो आपल्या परिचयाचा आहे. सूर्य हा प्लाझ्माचा गोळा आहे. रात्री दिसणारे तारे प्लाझ्माचे आहेत. आकाशातील वीज प्लाझ्मा आहे, आणि वर्गातील जुन्या ट्यूबलाइटच्या नळीतही विरळ प्लाझ्माच असतो.

ट्यूबलाइटच्या बाबतीत एक शंका नेहमी निघते: नळीत प्लाझ्मा असेल तर काच वितळत कशी नाही? नळीतील इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे अकरा हजार अंश असते हे खरे. पण नळीतील वायू अत्यंत विरळ असतो आणि इलेक्ट्रॉन अतिशय हलके असतात. प्रत्येक कणाची गती मोठी असली तरी सर्वांची मिळून उष्णता थोडीच भरते. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ट्यूबलाइटला हात लावून शिकता येते.

साधा वायू आणि प्लाझ्मा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. साध्या वायूचा रेणू दुसऱ्यावर आदळेपर्यंत त्याला दुसऱ्याची दखल नसते. भारित कण मात्र दुरूनही एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. म्हणून प्लाझ्मातील प्रत्येक कणावर एकाच वेळी असंख्य कणांचा परिणाम होत असतो. प्लाझ्मामध्ये एखादा जादा धन भार ठेवला, तर आसपासचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकतात, त्याच्याभोवती दाटी करतात आणि थोड्या अंतरापलीकडे त्या भाराचा प्रभाव उरतच नाही. या अंतराला पीटर डिबाय या शास्त्रज्ञाच्या नावाने डिबाय लांबी म्हणतात. भारित कणांनी भरलेला असूनही प्लाझ्मा एकंदरीत उदासीन राहतो, तो यामुळेच. तेथे कोणताही कण एकटा वागत नाही.

कण चालतो कसा?

विद्युत् भारित कणाला हलविणारी दोन क्षेत्रे आहेत: विद्युत् क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. विद्युत् क्षेत्राचे काम सरळ आहे. ते धन भाराला एका दिशेने आणि ऋण भाराला विरुद्ध दिशेने ढकलते, आणि ढकलताना त्याचा वेग वाढविते. चुंबकीय क्षेत्राची रीत निराळी आहे. स्थिर उभ्या कणावर ते मुळीच बल लावत नाही. कण चालू लागला की बल लावते, पण ते कणाच्या गतीला काटकोनात. त्यामुळे कणाचा वेग ना वाढतो ना घटतो. फक्त दिशा वळते.

ज्यांनी लाकडी तेलघाणा पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. घाण्याचा बैल गोल फिरतो तो मधल्या खांबाशी जोडलेला असल्यामुळे. ती जोडणी त्याला आत ओढून वळविते. चालण्याचे बळ मात्र त्याच्या पायांचे असते. चुंबकीय क्षेत्र कणाला असेच वळवीत राहते आणि कण वर्तुळात फिरू लागतो. क्षेत्र प्रबळ असेल तर वर्तुळ लहान, कण जड किंवा वेगवान असेल तर वर्तुळ मोठे. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड आहे. म्हणून ५० मायक्रोटेस्लाच्या, म्हणजे साधारण पृथ्वीच्या क्षेत्राएवढ्या चुंबकीय क्षेत्रात, इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १४ लाख फेऱ्या मारतो, तर प्रोटॉन केवळ ७६० च्या आसपास. शिवाय दोघांचे भार विरुद्ध असल्याने फिरण्याच्या दिशाही विरुद्ध असतात.

आता कणाला चुंबकीय बलरेषेच्या दिशेनेही थोडी गती असेल, तर? त्या दिशेच्या गतीला चुंबकीय क्षेत्र अडवीत नाही. गोल फिरणे आणि पुढे सरकणे यांची बेरीज म्हणजे मळसूत्र. स्क्रूच्या आट्यांप्रमाणे वळणे घेत कण बलरेषेवरून पुढे जातो. मण्यांना दोऱ्यात ओवावे तसे हे कण बलरेषांत ओवले जातात.

बलरेषा जेथे नरसाळ्यासारख्या एकत्र येतात, तेथे आणखी एक गोष्ट घडते. क्षेत्र प्रबळ होत जाते, तसतशी कणाची गोल फिरण्याची गती वाढते. परंतु एकूण वेग वाढू शकत नाही. म्हणून पुढे सरकण्याची गती घटते. अखेर ती शून्यावर येते आणि कण मागे फिरतो. याला चुंबकीय आरसा म्हणतात. पृथ्वीच्या बलरेषा दोन्ही ध्रुवांकडे अशाच एकवटतात, त्यामुळे भारित कण उत्तर-दक्षिण येरझारा घालीत अडकून पडतात. १९५८ साली एक्स्प्लोरर उपग्रहांवरील उपकरणांतून जेम्स व्हॅन ॲलन यांना पृथ्वीभोवतीचे हे कणांचे पट्टे आढळले. येरझारा घालताना कण पृथ्वीभोवती हळूहळू आडवेही सरकतात: प्रोटॉन पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. विरुद्ध भार विरुद्ध दिशांना सरकले म्हणजे विद्युत् प्रवाह झाला. पृथ्वीभोवती अशी प्रवाहाची एक कडीच तयार होते आणि ती जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र किंचित कमी करते.

हे प्रकरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र काढीत असताना त्यांना सूर्यावर प्रखर स्फोट दिसला. त्यानंतर सुमारे १८ तासांनी सूर्याने फेकलेला प्लाझ्मा पृथ्वीवर येऊन थडकला. तारायंत्रे बिघडली आणि ध्रुवीय प्रकाश विषुववृत्ताकडील प्रदेशांतही दिसला. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी घेणे चालू होते. तेथे क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याची नोंद झाली. त्या वादळाचा जोर ठरविण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांनंतर याच नोंदीचा आधार घेतला. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलविले गेले आणि १९०४ साली तेथे वेधशाळा उभी राहिली. चुंबकीय मापनात बाधा येऊ नये म्हणून तिच्या बांधकामात लोखंड टाळण्यात आले. रोजची नोंद रोज प्रामाणिकपणे ठेवली, तर ती दीड शतकानंतरही साक्ष देते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

मेघनाद साहा आणि सेसिलिया पेन

सूर्य कशाचा बनलेला आहे हे तेथे न जाता कसे कळावे? सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. पण कोडे असे होते, की काही मूलद्रव्यांच्या रेषा एका ताऱ्यात ठळक तर दुसऱ्यात नाहीशाच होत्या. ताऱ्यांची घडण खरोखरच इतकी भिन्न असावी काय?

या कोड्याची किल्ली १९२० साली मेघनाद साहा यांनी शोधली. किती अणूंचे आयनीभवन होईल हे तापमानावर अवलंबून असते, तसेच दाबावरही, हे त्यांनी एका समीकरणात बसविले. दाब कमी असेल तर निसटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा जोडून घेणारा आयन लवकर भेटत नाही. म्हणून विरळ वायूत आयनीभवन अधिक टिकते. आयनाच्या रेषा मूळ अणूच्या रेषांहून वेगळ्या असतात. म्हणजे रेषा बदलतात त्या मुख्यतः परिस्थितीमुळे, घटक वेगळे असल्यामुळे नव्हे.

साहांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळील शेवडातली या खेड्यात, एका लहान किराणा दुकानदाराच्या घरी झाला. पुढील शाळा दूर होती. एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले. त्या बदल्यात त्यांनी आपली ताटली स्वतः धुवावी आणि गाईची देखभाल करावी, अशी अट होती. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकताना वसतिगृहातील उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका पंक्तीत जेवण्यास हरकत घेतली. ताऱ्यांचे अंतरंग उलगडणाऱ्या माणसाला जेवणघरात जागा नव्हती, हे आपल्या वसतिगृहाच्या प्रत्येक पिढीला ठाऊक असावे. पुढे १९५२ साली साहा लोकसभेवर निवडून आले. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीच्या चौकशी समितीत ते सदस्य होते. त्याच दामोदर योजनेला मजूरमंत्री या नात्याने चालना देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एकाच नदीच्या पाण्यावर दोघांनी विचार केला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साहांच्या समीकरणाचा पुढचा उपयोग सेसिलिया पेन या तरुणीने केला. ती केंब्रिजमध्ये शिकली. पण तेथे त्या काळी स्त्रियांना पदवी दिली जात नसे, म्हणून ती अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत गेली. १९२५ च्या प्रबंधात तिने हिशेब मांडला तेव्हा तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, असा निष्कर्ष निघाला. त्या काळचे ख्यातनाम शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना तो पटला नाही. त्यांच्या मताच्या दडपणाखाली आपला निष्कर्ष बहुधा वास्तव नसावा, असे तिला प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षावर आले. पुरावा तिच्या बाजूने होता, अधिकार नव्हता. शेवटी पुरावा टिकला.

आता वीज

एवढी तयारी झाल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पावसाळी ढगात वर जाणारे बर्फाचे बारीक कण आणि खाली येणाऱ्या मऊ गारा एकमेकांना घासतात. त्यातून भार वेगळे होतात: ढगाचा वरचा भाग सहसा धन भारित, खालचा ऋण भारित. हवा एरवी वीज वाहू देत नाही, कारण तिच्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. पण जे थोडे असतात त्यांना प्रबळ विद्युत् क्षेत्र धाव घ्यायला लावते. धावणारा इलेक्ट्रॉन एखाद्या रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. अशा रीतीने हवेत प्लाझ्माची एक बारीक वाट तयार होते आणि ती सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फांद्या फोडीत जमिनीकडे येते.

ही वाट खाली येताना तिला आपण कोठे पडणार हे ठाऊक नसते. ती जमिनीपासून काही दशक मीटरांवर आली, की उंच झाड, घराचा कोपरा, टेकडीचा माथा, मोकळ्या शेतात उभा असलेला माणूस यांच्यापासून उलट, वर जाणाऱ्या ठिणग्या निघतात. त्यांतील जी आधी भेटते तिच्याशी वाट जुळते. त्या क्षणी सुमारे तीस हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि त्या वाटेचे तापमान सुमारे तीस हजार अंशांवर जाते. हे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट आहे. हवा स्फोटासारखी प्रसरण पावते, तोच गडगडाट.

या संपूर्ण घटनाक्रमात उंची आहे, आकार आहे, उघडेपणा आहे. इलेक्ट्रॉनला भार आणि वस्तुमान कळते, क्षेत्र कळते. आईच्या पोटातून कोणाचे पाय आधी आले, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नाही. तो जात ओळखत नाही, तसाच पायाळूही ओळखत नाही. कारण असेल तसे कार्य घडते. जन्म हे विजेचे कारण नाही.

आपले बहुसंख्य पालक शेतात राबणारे आहेत, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली कधीही थांबू नये. पाणी, तारेचे कुंपण, लोखंडी अवजारे यांपासून दूर राहावे. शेतात अडकलात आणि आसरा नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे झोपू नये, कारण वीज जवळ पडल्यावर प्रवाह जमिनीतूनही पसरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देते; ते घरातील एकाने तरी घ्यावे.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावल्याने झटका बसत नाही. 'शिवू नका' म्हणत लोक दूर उभे राहतात आणि ज्याचे हृदय छाती दाबून पुन्हा चालू करता आले असते, तो डोळ्यांदेखत जातो. त्याला ताबडतोब स्पर्श करा, श्वास तपासा, श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर कळवा. न शिवण्याची किंमत आपल्या समाजाने पुरेशी मोजली आहे.

ती मुलगी पुढे दहावी होऊन गेली. आज ती आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी एक आहे, म्हणजे ही स्मरणिका तिच्याही हाती पडेल. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला फार उशीर झाला. उत्तर एवढेच, की त्या संध्याकाळी सभागृहातली जागा सर्वांइतकीच तुझीही होती. आणि पक्क्या भिंतींच्या आत ती तुझ्यासाठी व्हरांड्यापेक्षा अधिक सुरक्षितही होती. आता तुझ्या घरी, तुझ्या गल्लीत कोणी लेकराला पायाळू म्हणून दूर बसविले, तर त्याला आत बोलाव आणि वीज कशी पडते ते समजावून सांग. ते काम आता तुझ्यावर आणि या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या सर्वांवर आहे.